खुनी कळल्यावरही पुन्हा बघावेसे वाटणारे रहस्यपट

सांजवात

नमस्कार मंडळी,

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. हल्लीचे थ्रिलर आणि मर्डर मिस्ट्री मी जीव मुठीत धरून बघते, शेवटी खुनी कळतो, आणि आठवड्याभरात त्या सिनेमातलं काही म्हणता काही आठवत नाही. पण काही मोजके सिनेमे असे आहेत की खुनी कोण, खून कसा झाला, सगळं पाठ असूनही परत लावावेसे वाटतात.

माझं मत असं की रहस्यपटाची खरी परीक्षा दुसऱ्यांदा बघताना होते. पहिल्यांदा दिग्दर्शक नेईल तिकडे आपण जातो. दुसऱ्यांदा दिसतं की त्याने प्रामाणिकपणे सगळं समोर मांडलं होतं, की हवं ते लपवून शेवटी पोतडीतून काढलं.

श्रीराम राघवनचा 'मेरी ख्रिसमस' (२०२४) घ्या. पहिल्याच मिनिटाला पडदा दोन भागांत विभागलेला आहे आणि दोन मिक्सर फिरतायत. एकात चटणीचे जिन्नस, दुसऱ्यात औषधाच्या गोळ्या. बस, एवढंच. पहिल्यांदा बघताना मी ते छान सजावटीचं दृश्य म्हणून सोडून दिलं. अख्ख्या गोष्टीची किल्ली त्यात उघड्यावर ठेवली होती! दुसऱ्यांदा ते मिक्सर दिसले तेव्हा मी रिमोटवर थांबा दाबून नुसती बघत बसले.

याच्या उलट, ज्यात खुनी शेवटच्या वीस मिनिटांत पहिल्यांदा दिसतो, किंवा अचानक जुळा भाऊ उगवतो, ते सिनेमे मला फसवणूक वाटतात.

तुम्हाला काय वाटतं? गेल्या काही वर्षांतले कोणते रहस्यपट तुम्ही खुनी माहीत असूनही परत बघितलेत, आणि काय सापडलं?

एकच विनंती, खुनी कोण ते लिहू नका. सुरुवातीच्या अर्ध्या-पाऊण तासातलं लिहिलं तरी चालेल. 'दृश्यम'ला सूट, तो आता पोराटोरांनाही पाठ आहे.

किर्र रात्र

रुमाल टाकून ठेवते. रात्री निवांत लिहिते.

पेठकर

सांजवातताई, उत्तम धागा. राघवनचंच नाव काढलंत तर 'अंधाधुन' (२०१८) आधी. पुण्यात चित्रीकरण झालेलं, माणूसही आमच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेला, त्यामुळे आम्हा पुणेकरांचा त्याच्यावर अंमळ जास्तच जीव.

त्यातला पियानोचा प्रसंग आठवा. आकाश सिमीच्या (तब्बूच्या) घरी वाजवतोय. तो आंधळा नाही हे आपल्याला माहीत आहे, सिमीला माहीत नाही. वाजवता वाजवता त्याला फरशीवर पडलेले पाय दिसतात. मग तो बाथरूममध्ये जातो तर तिथे पिस्तूल घेऊन तिचा प्रियकर मनोहर उभा. ओरडायचं नाही, दचकायचं नाही, डोळे हलू द्यायचे नाहीत. परत येऊन तो वाजवायला बसतो आणि त्याच्या पाठीमागे ती दोघं मृतदेहाची विल्हेवाट लावतात. आंधळ्याला दिसत नसलं तरी ऐकू येतं, म्हणून त्यांचं सगळं बोलणं खाणाखुणांनी. म्हणजे या प्रसंगात डोळस माणूस आंधळ्याचं सोंग करतोय आणि बोलती माणसं मुक्याचं!

पहिल्यांदा सगळं लक्ष आकाश पकडला जातो का याकडे. दुसऱ्यांदा फक्त तब्बूकडे बघा. चेहऱ्यावर धावपळ आणि आवाजात पाहुणचार. आणि हो, पहिल्या दृश्यातला कोबीच्या शेतातला ससा. तो तिथे का आहे, हे शेवटची पाच मिनिटं बघून परत पहिल्यापासून लावल्याशिवाय कळत नाही.

चहाटळ

आमच्या घरी खुनी ओळखायची सोपी रीत आहे. नावाजलेला नट अगदी फालतू भूमिकेत दिसला, दोन वाक्यं बोलून चहा देऊन गेला, की आमची आई जाहीर करते, "हाच तो. एवढ्या मोठ्या माणसाला कोणी चहा द्यायला बोलावतं का?" दहातल्या आठ वेळा बरोबर येते.

तळटीप

चहाटळ, हसून हसून पुरेवाट. आईंना सांगा आणखी एक रीत आहे. 'नाइव्ह्ज आऊट' (२०१९) करणाऱ्या रायन जॉन्सनने एका मुलाखतीत सांगितलं होतं की अ‍ॅपल कंपनी सिनेमात आयफोन वापरू देते, पण खलनायकाच्या हातात तो कॅमेऱ्यासमोर दिसलेला तिला चालत नाही. तेव्हापासून मी कोणाच्या हातात कुठला फोन आहे तेच बघत बसतो.

बाकी त्याच मालिकेतला तिसरा, 'वेक अप डेड मॅन' (२०२५), जरूर बघा. चर्चमधला खून, तोही बंद खोलीतला. आणि जॉन डिक्सन कारच्या १९३५ च्या ज्या कादंबरीपासून असल्या कोड्यांचे शौकीन धडे घेतात, तिचं नाव पात्रंच तोंडाने घेतात. म्हणजे उत्तराचं पुस्तक टेबलावर ठेवून परीक्षा घेतलीय. सांजवात म्हणतात तो प्रामाणिकपणा हाच.

किर्र रात्र

आले. मी मूळ मुद्द्याशी सहमत नाही.

सांजवात, रहस्यपटाचं काम पहिल्याच वेळी होतं. मी तिकिटाचे पैसे त्या एका धक्क्यासाठी देते. शेवटच्या रीळात पायाखालची जमीन सरकली, थेटरातून बाहेर पडून गाडीपर्यंत जाताना नवरा-बायकोत वाद झाला, की पैसे वसूल. तो सिनेमा मी परत बघेन की नाही, याच्याशी त्याच्या चांगलेपणाचा काय संबंध? 'इत्तेफाक' (१९६९) मी एकदाच बघितला, शाळेत असताना, दूरदर्शनवर. एकही गाणं नाही, एक घर, एक रात्र, राजेश खन्ना आणि नंदा. परत बघितलेला नाही, तरी त्याचा शेवट आजही अंगावर येतो.

आणि 'महाराजा' (२०२४) बद्दल तुमचं काय म्हणणं? तुमच्या नियमाने तो फसवणुकीत जाईल. त्यात दिग्दर्शकाने चक्क लपवलंय.

सांजवात

किर्र रात्र, 'महाराजा'वर नक्की बोलू, कारण माझा तो फार लाडका.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: विजय सेतुपती केशकर्तनालय चालवणारा साधा माणूस. तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो, "माझी लक्ष्मी चोरीला गेली." लक्ष्मी म्हणजे घरातला लोखंडी कचऱ्याचा डबा, ज्याच्यामुळे अपघातात त्याची लेक वाचली होती. पोलीस आधी हसतात, मग चिडतात, मग मारतात. तो मार खातो पण तक्रार मागे घेत नाही. तेव्हाच आपल्याला कळतं की डब्याच्या पाठीमागे काहीतरी वेगळंच आहे.

दिग्दर्शक निथिलन स्वामिनाथनने काळाचे तुकडे उलटसुलट लावलेत. पण खोटं एकही दाखवलेलं नाही. आपण मनाने दोन गोष्टी एकाच काळात घडतायत असं धरून चालतो. दुसऱ्यांदा बघा, लहान मुलीचं वय, माणसांचे केस, दुकानाची अवस्था, सगळं तिथेच आहे. लपवणं आणि खोटं बोलणं यात मी फरक करते.

किर्र रात्र

मला तरी तो फरक बारीक वाटतो. वकिलाने पुरावा दाखवला नाही आणि वकिलाने खोटा पुरावा दिला, दोन्हीत पक्षकार बुडतोच की!

पण त्यातल्या हिंसेबद्दल कोणीच का बोलत नाही? विशेषतः बाईवरच्या अत्याचाराचा वापर गोष्टीचं इंजिन म्हणून. तेवढ्यासाठी मी तो परत बघू शकणार नाही. हे माझं सिनेमाच्या कारागिरीबद्दलचं मत नाही, माझ्या पोटाचं मत आहे.

मांडवी

गोव्यातून नमस्कार. 'दृश्यम'चा विषय निघाला म्हणून लिहितो.

२०१५ चा हिंदी 'दृश्यम' आमच्याकडचा. दिग्दर्शक आपला निशिकांत कामत, २०२० मध्ये गेला बिचारा, फार लवकर. मूळ २०१३ चा मल्याळम, जीतू जोसेफचा, मोहनलालचा. मी दोन्ही बघितलेत. मल्याळममध्ये मोहनलाल पहिला तासभर नुसता गावात फिरतो, चहा पितो, कंजूषपणा करतो, सिनेमे बघतो. मित्र म्हणायचे किती लांबवलंय. पण त्या तासातच सगळं पेरलेलं आहे. हिंदीत तो भाग आटोपशीर केलाय, तरी साळगावकर हे आडनाव, पणजीतली पावभाजी, सत्संग, याने आम्हाला ते घर शेजारचं वाटलं.

त्यातलं कसब किती साधं बघा. नायक विजय साळगावकर कोणालाही खोटं बोलायला सांगत नाही. कंडक्टर, हॉटेलवाला, थेटरचा माणूस, सगळ्यांनी ते कुटुंब खरंच बघितलंय. फक्त वार चुकीचा. तो नंतर परत त्या सगळ्यांना भेटतो आणि गप्पांत सहज २ ऑक्टोबर पेरून येतो. आमच्या कदंब बसच्या कंडक्टरला विचारा, तोंड लक्षात राहतं, तारीख कोणाला आठवते? पोलिसांनी कितीही हाणलं तरी साक्षीदार डळमळत नाही, कारण त्याच्या मते तो खरंच बोलतोय.

हा सिनेमा मी टीव्हीवर लागला की मधूनच बघायला लागतो आणि उठत नाही.

शिकवणी

मांडवीदादा, तुम्ही फार मोलाचं बोललात. मी मानसशास्त्र शिकवते आणि वर्गात स्मृतीचा धडा आला की हाच सिनेमा काढते.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक प्रयोग केला. लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि मग वेगाबद्दल विचारलं. काहींना विचारलं गाड्या "आपटल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना "धडकून चक्काचूर झाल्या" तेव्हा किती. चित्रफीत तीच, पण ज्यांना चक्काचूर म्हटलं त्यांनी वेग जास्त सांगितला. आठवडाभराने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? चक्काचूर ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना काचा "आठवल्या". चित्रफितीत काचा नव्हत्याच.

प्रसंग होऊन गेल्यावर जे कानावर पडतं ते आठवणीत मिसळतं, आणि माणसाला दोन्ही वेगळं करता येत नाही. विजय साळगावकर हेच करतो. चौथी नापास केबलवाल्याला हे कुठून कळलं, याचं उत्तर सिनेमात आहे: आयुष्यभर सिनेमे बघून. मला त्या पात्राबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ती.

न्यायवैद्य

मी न्यायवैद्यक विभागात काम करतो, म्हणून जरा वेगळ्या बाजूने.

हल्लीच्या सगळ्या भाषांतल्या सिनेमांत डॉक्टर मृतदेहाकडे बघून सांगतो, "मृत्यू रात्री दहा ते सव्वादहाच्या दरम्यान." असं कोणालाही सांगता येत नाही. शरीराचा ताठरपणा साधारण दोन-तीन तासांत जाणवायला लागतो, बारा तासांच्या आसपास सगळ्या अंगभर होतो, आणि आपल्याकडच्या उकाड्यात दीड दिवसात उतरायलाही लागतो. त्यात माणूस किडकिडीत की धिप्पाड, पंखा चालू की बंद, मरण्याआधी धावपळ झाली का, सगळ्याने फरक पडतो. आम्ही अंदाज देतो तो काही तासांचा असतो. पटकथाकाराला मात्र संशयिताची हजेरी-गैरहजेरी मिनिटात बसवायची असते.

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला आणि माणूस तीन सेकंदात कोसळला, हेही तसंच. त्याला मिनिटं लागतात, तोवर माणूस हातपाय झाडतो.

पण जी गोष्ट खरंच नाट्यमय आहे ती कोणी वापरत नाही. हृदय थांबल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. काही तासांनी ते पक्के होतात. देह पालथा सापडला आणि पक्के डाग पाठीवर असले, तर कोणीतरी त्याला नंतर हलवलंय. एवढ्या एका निरीक्षणाने संशयिताची अख्खी जबानी कोसळू शकते. प्रेक्षकालाही डाग दिसतात, लपवायचं काहीच नाही. सांजवातताईंना हवा तसा उघड्यावरचा धागादोरा. कोणी लिहीत असेल तर घ्या, मानधन नको.

वकीलसाहेब

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन देऊन माझं गाऱ्हाणं मांडतो.

शेवटच्या दहा मिनिटांत इन्स्पेक्टर खुन्याला खुर्चीत बसवतो, खुनी हसतो आणि सगळं सांगतो. फ्लॅशबॅक. संपला सिनेमा. अहो, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही! जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली, म्हणजे "सुरा विहिरीत टाकलाय" म्हणाला आणि सुरा निघाला, तर तेवढाच भाग घेता येतो. म्हणजे निम्म्या थ्रिलरमधले खुनी पुढच्या तारखेला निर्दोष सुटतील.

तसंच "बॉडी नाही म्हणजे केस नाही" हेही पूर्ण खरं नाही. बाकीचा पुरावा भक्कम असेल तर मृतदेह न सापडताही शिक्षा होऊ शकते, झालेली आहे. आणि आता "तीनशे दोन" म्हणणंही बंद करायला हवं. नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं.

चहाटळ

वकीलसाहेब, "तुझ्यावर एकशेतीन लावीन" यात तीनशे दोनचा दरारा नाही हो. पटकथाकारांना थोडा वेळ द्या.

आजोळ

मी पंचाहत्तरी पार केलेला वाचक. तुम्ही सगळे हल्लीचं बोलताय, पण मराठीचं नाव कोणी घेईना म्हणून राहवलं नाही.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ चा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. बायको डोळ्यांदेखत गेली, आणि मग तिच्याच चेहऱ्याची एक बाई पकडली जाते. कोर्टात ती म्हणते मी तुमची बायको. हिंदीवाल्यांना तो इतका आवडला की दोनच वर्षांत 'मेरा साया' आला. आज दक्षिणेतून गोष्टी हिंदीत येतात म्हणून आपण कौतुक करतो, तेव्हा त्या मराठीतून जात होत्या.

'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गदिमांचं गाणं त्यातलंच. पहिल्यांदा ऐकताना प्रेमगीत वाटतं. गोष्ट कळल्यावर ऐका, अंगावर काटा येतो. ताई, तुमचा दुसऱ्यांदा बघण्याचा नियम त्या गाण्याला चपखल लागू पडतो.

आमच्या पिढीला रहस्याची गोडी बाबुराव अर्नाळकरांनी लावली. झुंजार आणि काळा पहाड. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी. नंतर सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन. एवढं वाचणारा समाज, मग मराठीत रहस्यपट इतके थोडे का, हा प्रश्न मला छळतो.

पेठकर

आजोबा, नमस्कार. निखिल महाजनचा 'पुणे ५२' (२०१३) बघितलात का? गिरीश कुलकर्णी खाजगी डिटेक्टिव्ह अमर आपटे, काळ १९९२ चा. घरभाडं थकलंय, बायकोशी पटत नाही, आणि कामं कसली, तर लोकांच्या नवरा-बायकोवर पाळत ठेवायची. चालला नाही फारसा, पण मराठीत असा डिटेक्टिव्ह उभा करायचं धाडस केलं त्यांनी.

थोड्या रहस्यपटांचं कारण मला वाटतं असं की आपल्याकडे ही भूक नाटकाने भागवली. बंद दिवाणखाना, सहा माणसं, एक खून, हे रंगमंचावरच शोभतं असं आपण ठरवून टाकलं.

आणि पुण्याचं म्हणाल तर, १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने शहराची जी अवस्था झाली ती आईवडिलांकडून ऐकत आम्ही मोठे झालो. दिवेलागणीला दारं बंद, ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी काढायची नाही. त्यावर 'माफीचा साक्षीदार' (१९८६) आला, नाना पाटेकरचा. माझी आई तो आजही बघू शकत नाही. दुसऱ्यांदा सोडा, पहिल्यांदाही.

किर्र रात्र

पेठकर, हे फार महत्त्वाचं. खऱ्या गुन्ह्यावरचे सिनेमे वेगळ्या मापाने मोजायला हवेत. 'सेक्टर ३६' (२०२४) निठारीतल्या मुलांच्या हत्याकांडावर बेतलेला. विक्रांत मेस्सी जबरदस्त, पण बघून झाल्यावर मला करमणूक झाल्याचीच शरम वाटली. ती मुलं खरी होती.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितेय, उशिरा आले. किर्र रात्र यांच्या मुद्द्यावरून बोंग जून-होचा 'मेमरीज ऑफ मर्डर' आठवला. २००३ चा, जुना आहे, पण राहवत नाही. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागातले खरे खून. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. शेवटच्या दृश्यात पोलीस सरळ कॅमेऱ्यात बघतो, जणू थेटरात बसलेल्या खुन्याकडे. २०१९ मध्ये डीएनएवरून तो खरोखर ओळखला गेला. दुसऱ्याच खुनासाठी १९९४ पासून तुरुंगात होता. ते कळल्यावर मी सिनेमा परत बघितला, आणि ती शेवटची नजर मला सोसवली नाही. गोष्टीतलं एक अक्षर बदललेलं नव्हतं, बाहेरचं जग बदललं होतं.

आणि हल्लीचं विचाराल तर 'अ‍ॅनॉटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३). फ्रान्सच्या डोंगरातलं घर, नवरा माडीवरून पडून मेलेला. पडला, उडी मारली की बायकोने ढकललं? दिग्दर्शिका जस्टिन त्रिएतला त्यासाठी कान चित्रपट महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बायको जर्मन, खटला फ्रेंचमध्ये, आणि जीव तोडून काही सांगायचं असलं की ती इंग्रजीवर जाते. परक्या भाषेत राहणाऱ्या आम्हाला त्या पिंजऱ्यातलं तिचं अडखळणं जास्तच लागतं.

त्यात नवऱ्याने चोरून रेकॉर्ड केलेलं भांडण कोर्टात ऐकवतात. आपल्याला ते घडताना दिसायला लागतं, स्वयंपाकघर, दोघं, शब्द वाढत जातात. आणि हात उगारायची वेळ येते तेव्हा दृश्य बंद. परत कोर्ट. पुढचं फक्त ऐकू येतं: आपटल्याचे, फुटल्याचे आवाज. कोणी कोणाला मारलं? न्यायाधीशांना जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला. मी दोन वेळा बघितला आणि दोन्ही वेळा माझा निकाल वेगळा लागला.

तळटीप

पण राईनकाठ, शेवटी नक्की काय झालं ते सांगतच नाहीत ना? मग ते रहस्य कसलं? अडीच तास बसून उत्तर नाही म्हणजे मला तरी पानावर बसवून न वाढल्यासारखं वाटतं.

राईनकाठ

निकाल लागतो की. खात्री मिळत नाही एवढंच. वकीलसाहेब सांगतील, कोर्टात रोज असंच होत असणार.

वकीलसाहेब

रोज.

चहाटळ

तळटीप, तुम्हाला उत्तर हवंच असेल तर 'हाऊसफुल ५' (२०२५) बघा. दोन आवृत्त्या थेटरात आल्या, ५अ आणि ५ब, दोन्हींत खुनी वेगळा. एक सोडून दोन उत्तरं!

सांजवात

चहाटळ, धाग्याला उचकी लागली तुमच्यामुळे.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. जाता जाता, मल्याळमबद्दल अजून फार कोणी लिहिलं नाही. 'किष्किंधा कांडम' (२०२४) कोणी बघितला?

शिकवणी

मी! आणि दुसऱ्यांदा बघण्यासाठीच बनवलेला सिनेमा आहे तो.

रानाच्या कडेला घर, आजूबाजूला माकडं. घरात निवृत्त फौजी बाप (विजयराघवन), मुलगा (आसिफ अली) आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून (अपर्णा बालमुरली). मुलाच्या पहिल्या लग्नातलं लेकरू हरवलेलं आहे. निवडणूक लागते, परवान्याची शस्त्रं पोलिसांत जमा करायचा हुकूम येतो, आणि म्हाताऱ्याचं पिस्तूल सापडत नाही. एवढ्या साध्या सरकारी कामातून रहस्य सुरू होतं, मला तर तिथेच सिनेमा आवडला.

म्हाताऱ्याची स्मरणशक्ती चाललीय आणि तो ते जगापासून लपवतोय. सून हळूहळू घर वाचायला लागते. इथे पोलीस शोध घेत नाहीत, नवी आलेली माणूस घेते, कारण तिला या घरात राहायचंय. बाहुल रमेशने पटकथा लिहिलीय आणि कॅमेराही त्याचाच, म्हणून कुठलं दार उघडं दिसावं, कुठलं बंद, याला अर्थ आहे. शेवट कळल्यावर मला विजयराघवनच्या प्रत्येक रागाचा अर्थ बदललेला दिसला. जो माणूस पहिल्यांदा तिरसट वाटला होता, त्याच्यासाठी दुसऱ्यांदा रडले.

वकीलसाहेब

शस्त्रं जमा करायचं अगदी बरोबर दाखवलंय. आपल्याकडेही आचारसंहिता लागली की परवानाधारकांना नोटिसा निघतात. माझ्या एका अशिलाचं पिस्तूल कपाटात सापडेना, तेव्हा काय धावपळ झाली होती! शेवटी सासुरवाडीला निघालं. सिनेमा झाला नाही त्याचा, पण घरात नाट्य भरपूर झालं.

मांडवी

शिकवणीताई, तुम्ही लिहिलेलं वाचून कालच रात्री बघितला. हळू आहे. पहिला अर्धा तास बायको म्हणत होती, यात खून कधी होणार. मग ती बोलायची थांबली. आज सकाळी चहा पिताना म्हणाली, परत लावूया का?

किर्र रात्र

बरं, मीही लावला. सांजवात, तुमच्या नियमाला अजून माझा विरोध आहे, धक्का हवाच. पण एक कबूल करते की 'किष्किंधा'त धक्का आणि माणूस दोन्ही एकाच जागी आहेत. 'इत्तेफाक' मला आठवतो तो शेवटामुळे, त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं असेल हा विचार कधी मनात आला नाही. इथे त्या घरात उद्या सकाळी काय होणार, याचाच विचार करतेय.

'जाने जान' (२०२३) मध्येही मला जयदीप अहलावतबद्दल असंच झालं होतं. गणिताचा एकलकोंडा मास्तर, कालिम्पाँगचं धुकं. खून आपल्यासमोर होतो, कोणी केला ते माहीत आहे, तरी बघत राहतो. केइगो हिगाशिनोच्या मूळ जपानी कादंबरीची कमालच ती. पुस्तक आधी वाचलेल्या माझ्या भावाला सिनेमा फिका वाटला, हेही सांगते.

आजोळ

मला उपशीर्षकं वाचायला त्रास होतो. अक्षर बारीक आणि पळतंही भराभर. तुम्ही सांगितलेल्यांपैकी मी काय बघू?

पेठकर

आजोबा, 'अंधाधुन' आणि 'मेरी ख्रिसमस' हिंदीच आहेत. 'मेरी ख्रिसमस'मध्ये शेवटी पोलीस ठाण्यातला मोठा भाग जवळजवळ संवादांशिवाय आहे, तिथे तर काही वाचायला-ऐकायलाच नको. त्यात आपली अश्विनी काळसेकर पोलीस आहे, मजा आणते. 'अंधाधुन'मध्येही आहे ती.

शिकवणी

आणि 'महाराजा'चं हिंदी डबिंग आहे, पण किर्र रात्र यांनी सांगितलेली हिंसा लक्षात घेऊन, घरात कोणी सोबत असताना बघा आजोबा.

सांजवात

आजोबांसाठी 'दृश्यम'ही सांगते. आधी बघितला असेल तरी मांडवीदादांचा प्रतिसाद वाचून परत बघा, या वेळी फक्त कंडक्टरकडे आणि हॉटेलवाल्याकडे लक्ष ठेवून.

माझ्यासाठी पुढचा 'रेखाचित्रम' (२०२५) ठरवलाय. ऑनलाइन रमीच्या नादापायी निलंबित झालेला पोलीस परत कामावर येतो आणि जुन्या सांगाड्याची चौकशी करत १९८५ च्या एका खऱ्या मल्याळम सिनेमाच्या सेटपर्यंत पोचतो, एवढंच वाचलंय. कोणी बघितला असेल तर खुनी सोडून बाकी सगळं लिहा.

तळटीप

बघितलाय. बसायच्या आधी तो १९८५ चा सिनेमा कोणता, दिग्दर्शक कोण, एवढं शोधून घ्या. केरळच्या प्रेक्षकाला जे आपोआप माहीत आहे ते आपल्याला नाही, आणि गंमत अर्धी तिथेच आहे. सविस्तर रविवारी लिहितो.